भोगोपभोग परिमाण आणि आजचा बाजार

उपासकदशांग सूत्रातील आनंद श्रावक हा वाणिज्यग्रामचा धनाढ्य गृहस्थ. बारा कोटी सुवर्णमुद्रांचा तो धनी होता. त्यांपैकी चार कोटी ठेव म्हणून सुरक्षित, चार कोटी व्यापारात आणि चार कोटी घरसंसाराच्या वैभवात गुंतलेल्या होत्या. प्रत्येकी दहा हजार गाईंची चार गोकुळे, पाचशे नांगरांची शेती, प्रवासाचे पाचशे आणि मालवाहतुकीचे पाचशे गाडे, शिवाय नौका असा त्याचा पसारा होता. भगवान महावीरांच्या समोर श्रावकाची बारा व्रते स्वीकारताना त्याने हा पसारा टाकून दिला नाही. जे आहे ते एवढे आहे, यापुढे ते वाढवणार नाही, असे त्याने परिमाण केले.

त्यानंतर सूत्रात येते ती त्याच्या रोजच्या वापरातील वस्तूंची यादी. अंग पुसण्याचा पंचा एका विशिष्ट प्रकारचाच. दंतधावनासाठी ओल्या ज्येष्ठमधाची काडी. अभ्यंगासाठी शतपाक आणि सहस्रपाक ही दोनच तेले. स्नानासाठी आठ घडे पाणी. क्षौम वस्त्रांची एक जोडी. अलंकारांत कर्णभूषणे आणि नाव कोरलेली मुद्रिका. भात कोणत्या तांदळाचा, डाळी कोणत्या, तूप कोणत्या ऋतूतले, पिण्याचे पाणी कोणते, मुखवासात काय, हे सारे त्यात मोजून सांगितले आहे. कथा ऐकताना श्रोत्यांचे लक्ष बहुधा बारा कोटींकडे जाते आणि पंचा व दातण मागे पडतात. वास्तविक व्यापारी गृहस्थाच्या दृष्टीने या यादीचे महत्त्व फार मोठे आहे. साठ्याची मोजणी केल्याशिवाय ताळेबंद मांडता येत नाही, हे प्रत्येक दुकानदार जाणतो. आनंद श्रावकाने तीच शिस्त आपल्या न्हाणीघराला आणि स्वयंपाकघराला लावली.

आजच्या एखाद्या सुखवस्तू कुटुंबाने अशी यादी करायला घेतली, तर ती किती पानांची होईल? आणि यादी करून परिमाण बांधले, तरी त्या वस्तूंच्या मागे दडलेला आरंभ-समारंभ त्या परिमाणात येईल का? या दोन प्रश्नांचा विचार चातुर्मासातील प्रवचनापुरता ठेवून चालणार नाही. ज्यांचा उदरनिर्वाह वस्तू विकण्यावर आहे, त्यांच्यासाठी तो अधिकच अवघड आणि म्हणूनच अधिक आवश्यक आहे.

एकदा वापरायचे आणि पुन्हा वापरायचे

आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात भोगोपभोग परिमाण हे गुणव्रत सांगितले आहे. तेथे भोग आणि उपभोग यांतील भेद स्पष्ट केला आहे. जी वस्तू एकदा भोगून टाकावी लागते ती भोगाची, जसे भोजन. जी पुन्हा पुन्हा वापरता येते ती उपभोगाची, जसे वस्त्र. श्वेतांबर परंपरेत हाच भेद उपभोग आणि परिभोग या नावांनी येतो. शब्द बदलतात, विभागणी तीच राहते. तसेच हे परिमाण यावज्जीव असेल तर तो यम आणि ठरावीक काळापुरते असेल तर तो नियम, असेही समंतभद्र सांगतात.

गेल्या पन्नास-साठ वर्षांत बाजाराने या विभागणीत एक मोठा बदल घडवून आणला. उपभोगाच्या वस्तू एकामागून एक भोगाच्या वर्गात ढकलल्या गेल्या. पाणी पिण्याचा पेला हा पिढ्यान्‌पिढ्या टिकणारा जिन्नस होता. आज तो कागदाचा झाला आणि पाच मिनिटांत कचऱ्यात जातो. पाणी झिरपू नये म्हणून त्या कागदाच्या आतून प्लास्टिकचा पातळ थर दिलेला असतो, त्यामुळे तो धड कागद म्हणून कुजत नाही आणि सहजासहजी पुन्हा वापरातही येत नाही. जेवणाचे ताट, वाटी, चमचा, पिशवी, पेन, दाढीचे पाते या साऱ्यांची तीच गत झाली. कपडाही आता त्याच वाटेवर आहे. एका समारंभात घातलेला पोशाख छायाचित्रांतून सर्वांनी पाहिला, म्हणून दुसऱ्या समारंभात घालता येत नाही, अशी समजूत रूढ होत आहे. वस्त्र फाटलेले नसते, आखूडही झालेले नसते. केवळ पाहिले गेल्यामुळे ते जुने ठरते.

कायद्याने या प्रवाहाला काही बांध घातले. महाराष्ट्र शासनाने मार्च २०१८ मध्ये एकदाच वापरायच्या प्लास्टिक व थर्माकोलच्या ताटे, पेले, चमचे अशा वस्तूंवर बंदीची अधिसूचना काढली. १ जुलै २०२२ पासून देशभर अशा निवडक वस्तूंवर बंदी आली आणि त्याच वर्षाच्या अखेरीपासून प्लास्टिकच्या पिशवीची जाडी किमान १२० मायक्रॉन असावी असा नियम लागू झाला. व्यापाऱ्यांनी दंड टाळण्यासाठी माल बदलला. तथापि, एकदा वापरून फेकण्याची सवय कायम राहिली आणि प्लास्टिकच्या जागी दुसरा पदार्थ आला. व्रताचा प्रश्न पदार्थाच्या आधी त्या सवयीचा आहे.

ताट धुवावे की फेकावे

येथे जैन घरांतून एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि त्याला सरसकट बाजूला सारणे योग्य नव्हे. भांडी धुण्यासाठी पाणी लागते, पाण्यात अप्कायाचे जीव आहेत. उष्टे अन्न भांड्यांत राहिले तर अंतर्मुहूर्तात, म्हणजे ४८ मिनिटांच्या आत, संमूर्च्छिम जीवांची उत्पत्ती होते असे शास्त्र सांगते. मग शेकडो माणसांच्या जेवणावळीत उष्टी भांडी तासन्‌तास पडून राहण्यापेक्षा पत्रावळीसारखे ताट वापरून टाकून दिलेले काय वाईट, असा तो युक्तिवाद आहे.

युक्तिवादाचा पाया जीवदयेचा असल्याने त्याचे उत्तरही जीवदयेच्याच भाषेत शोधायला हवे. फेकलेल्या ताटाबरोबर त्यातले उष्टेही जाते. ते कचऱ्याच्या ढिगात ४८ मिनिटे नव्हे, तर कित्येक दिवस कुजत राहते. जीवोत्पत्ती टळत नाही, फक्त ती यजमानाच्या नजरेआड होते. त्या ढिगावर गाई येतात आणि अन्नाच्या वासाने प्लास्टिकसकट गिळतात. पांजरपोळांत आणलेल्या गाईंच्या पोटातून शस्त्रक्रियेने कित्येक किलो प्लास्टिक निघते, ही गोष्ट जीवदयेच्या कामात असलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. एकाच घरातून लग्नाच्या दिवशी ते प्लास्टिक बाहेर पडते आणि संवत्सरीला पांजरपोळासाठी देणगी निघते. दोन्ही व्यवहार एकाच वहीत लिहिले असते, तर जमा आणि खर्च समोरासमोर दिसले असते.

उष्टे न टाकणे हा मूळ उपाय आहे आणि तो परंपरेत आधीपासून आहे. ताट स्वच्छ करून, धुऊन ते पाणी पिण्याची रीत अनेक तपस्वी कुटुंबे आजही पाळतात. तेवढे ज्यांना जमत नाही, त्यांनी मोजके वाढून घ्यावे, हे तर कोणालाही जमण्यासारखे आहे. असे पुसून काढलेले ताट धुवायला पाणीही थोडे लागते. बहुतेक गावांतील संघांकडे किंवा समाजाच्या मंगल कार्यालयात पाचशे-हजार माणसांची स्टीलची भांडी असतात. कोणा दात्याचे नाव त्यांवर कोरलेले असते आणि ती कोठीत कुलूपबंद असतात. धुणावळीचा खर्च आणि माणसे मिळण्याची अडचण हे त्याचे कारण सांगितले जाते. अडचण खरी आहे. परंतु वापरून फेकण्याच्या ताटांना जो पैसा लागतो, तो धुणाऱ्या स्त्रियांना योग्य मजुरी म्हणून दिला, तर तोच पैसा कोणाच्या तरी घरी धान्य होऊन जातो.

नजरेआडची हिंसा

आनंद श्रावकाच्या काळी वस्तू कोठून आली हे घेणाऱ्याला ठाऊक असे. आज एका सुती सदऱ्यामागे शेतकरी, जिनिंग कारखाना, सूतगिरणी, रंगाई, शिलाई आणि वाहतूक यांची लांबलचक साखळी असते. एक सुती टी-शर्ट तयार होण्यास जागतिक सरासरीने सुमारे २,७०० लिटर पाणी लागते, असा पाण्याच्या अभ्यासकांचा अंदाज आहे. दिवसाला तीन लिटर पाणी पिणाऱ्या माणसाला ते ९०० दिवस पुरेल. विदर्भ-मराठवाड्यातील कापूस बहुतांशी पावसाच्या पाण्यावर येतो, म्हणून तेथे हा आकडा जशाचा तसा लावणे बरोबर होणार नाही. तेथील प्रश्न विषाचा आहे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशकांची फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. पिकावर मेलेल्या सूक्ष्म जीवांची तर गणतीच नाही. स्नानाचे आठ घडे मोजणाऱ्या श्रावकाला हा सदरा दाखवला असता, तर त्याने तो कोणत्या रकान्यात लिहिला असता?

शास्त्रकारांनी श्रावकाला वर्ज्य सांगितलेल्या पंधरा कर्मादानांकडे या दृष्टीने पाहिले पाहिजे. कोळसा पाडणे, जंगल तोडणे, जमीन फोडणे, हस्तिदंत, लाख, मद्यादी रस, विष आणि केश यांचा व्यापार, यंत्राने पिळणे, जनावरांचे अवयव छेदणे, वणवा लावणे, तळी-सरोवरे कोरडी करणे इत्यादी व्यवसाय त्यांत येतात. सप्तम व्रतात भोगोपभोगाची मर्यादा आणि व्यवसायाची मर्यादा एकत्र सांगितली आहे, हे विशेष. वापरणारा आणि विकणारा असे दोन हिशेब शास्त्राने वेगळे ठेवलेले नाहीत.

आजचा जैन व्यापारी कोळशाची भट्टी लावत नाही, विष विकत नाही. तरीही साखळीच्या दोन-तीन कड्या मागे गेले की ही कर्मे भेटतात. रेशमी साडीसाठी कोशातील जीव वाफेने किंवा उकळत्या पाण्याने मारले जातात. हे आता बहुतेकांना माहीत आहे आणि पूजेच्या वस्त्रातून अनेकांनी रेशीम वगळले आहे. चांदीच्या वर्खाची गोष्ट आणखी बोलकी आहे. मिठाईवर आणि मंदिरात आंगीसाठी वापरला जाणारा वर्ख पूर्वी जनावरांची कातडी व आतडी यांच्या थरांमध्ये ठेवून ठोकला जात असे. वस्तू शुद्ध चांदीची, वापर पवित्र जागी, आणि तिच्या निर्मितीत पंचेंद्रियाची हिंसा. ही गोष्ट समोर आल्यावर समाजातून आणि प्राणिमित्रांकडून विरोध झाला. यंत्रावर कागदाच्या थरांत तयार होणारा वर्ख बाजारात आला आणि २०१६ साली अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने वर्खाच्या निर्मितीत कोणत्याही टप्प्यावर प्राणिजन्य पदार्थ वापरू नये अशी तरतूद केली. ग्राहकाने आणि दुकानदाराने नेमका प्रश्न विचारला की साखळी बदलू शकते, याचा हा घरचा दाखला आहे. पाकिटावरील हिरवा ठिपका पदार्थात काय घातले आहे तेवढेच सांगतो. तो कसा, कोणाच्या श्रमाने आणि कोणत्या जंगलाच्या मोबदल्यात तयार झाला, हे तो सांगत नाही. ते विचारावे लागते.

गुंतवणुकीलाही हाच न्याय लागतो. सिगारेटचे दुकान थाटण्याची कल्पना ज्या घरात कोणी सहन करणार नाही, त्या घरात निफ्टीवर आधारित इंडेक्स फंडाचा मासिक हप्ता सुरू असतो. त्या निर्देशांकातील पन्नास कंपन्यांत सिगारेटच्या व्यवसायावर मोठा नफा कमावणारी कंपनीही आहे. कृत, कारित आणि अनुमोदित या तीन पायऱ्यांपैकी युनिटधारकाचा नफा कोणत्या पायरीवर बसतो, याबद्दल विद्वानांत मतभेद होऊ शकतील. प्रश्न उद्भवतच नाही असे मात्र म्हणता येणार नाही.

समाज काय म्हणेल

चौदा नियम धारण करणारा श्रावक रोज सकाळी आज किती द्रव्ये घेईन याची संख्या ठरवतो. दहा, बारा, पंधरा. त्याच श्रावकाच्या घरच्या लग्नात साठ-सत्तर पदार्थांचे काउंटर लागतात. कंदमूळ नसल्याने त्या भोजनाला जैन भोजन म्हणण्यात येते. ऊनोदरी तप आणि द्रव्यमर्यादा हीदेखील जैन भोजनाचीच लक्षणे आहेत, याचा विसर पडतो. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ या वर्षात जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेले. ग्राहकांपर्यंत पोचू शकणाऱ्या अन्नाचा तो १९ टक्के भाग होता आणि त्यातील ६० टक्के नासाडी घराघरांत झाली. म्हणजे केवळ मंगल कार्यालयांकडे बोट दाखवून भागणारे नाही. घरच्या फ्रिजचाही त्यात वाटा आहे.

लग्नाचा खर्च श्रीमंताला जड जात नाही, पण त्याने घालून दिलेला पायंडा मध्यम स्थितीच्या कुटुंबाला जड जातो. बाजारपेठेतील मोठ्या पेढीच्या घरी तीन दिवसांचा सोहळा झाला की त्याच गल्लीतील लहान दुकानदाराला एका दिवसात आटोपणे कमीपणाचे वाटू लागते. मग दुकानाच्या कॅश क्रेडिट खात्यातून पैसे उचलले जातात. माल भरण्यासाठी मंजूर झालेली रक्कम मांडव आणि रोषणाईत जाते. हंगामात माल कमी पडतो, विक्री घटते आणि व्याज मात्र चालू राहते. अशी खाती थकतात तेव्हा त्याचे कारण कागदोपत्री व्यापारातील मंदी असे लिहिले जाते.

हप्त्यांच्या सोयीने ही ओढ आणखी वाढली. शून्य टक्के व्याजाच्या हप्त्यांबाबत रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावले होते की, शून्य टक्के व्याज अशी गोष्टच अस्तित्वात नाही. व्याज कधी प्रक्रिया शुल्कात दडवले जाते, तर कधी रोखीने घेतल्यास मिळणारी सूट काढून घेऊन ते वसूल होते. व्यापारी कुटुंबांना हे गणित समजावून सांगण्याची गरज नाही, कारण काउंटरच्या पलीकडे बसून ते स्वतःच ते मांडतात. असे असूनही त्यांच्याच घरात हप्त्याचे फोन आणि हप्त्याची सहल शिरते, याला सामाजिक दडपणाशिवाय दुसरे कारण सापडत नाही.

दडपण मोडण्याची सुरुवात कोणी करावी, याचे उत्तर अवघड नाही. गरीब कुटुंबाने साधे लग्न केले तर लोक त्याला परिस्थिती म्हणतात. श्रीमंताने केले तर त्याला संयम म्हणतात आणि इतरांना तसे करण्याची मोकळीक मिळते. आनंद श्रावक नगरातील प्रतिष्ठित होता, लोक त्याचा सल्ला घेत. त्याच्या परिमाणाचा प्रभाव पडला असेल तो त्यामुळेच.

विकणाऱ्याची कसोटी

आता सर्वांत अवघड प्रश्न. लोकांनी कमी घेतले तर दुकान कसे चालेल? घरात मर्यादा शिकवायची आणि गल्ल्यावर बसून गिऱ्हाइकाला नको असलेले दोन नग जास्त खपवायचे, ही ओढाताण प्रामाणिक व्यापाऱ्याला जाणवते. आपण विकले नाही तर शेजारचा विकेल, हे उत्तर व्यवहारात खरे असले तरी व्रताच्या हिशेबात ते धरले जात नाही.

या ओढाताणीतून वाट काढताना जुन्या पेढ्यांचे व्यवहार आठवावेत. किराणा दुकानदार गिऱ्हाइकाच्या डब्यात तेल आणि पिशवीत धान्य मापून देत असे. भांड्यांचा व्यापारी जुन्या तांब्या-पितळेची मोड वजनाने घेऊन नवे भांडे देई आणि कल्हईवाल्याचा पत्ता त्याच्याकडेच मिळे. सराफ जुना दागिना मोडून नवा घडवून देई. वस्तूचे आयुष्य वाढवण्यातही नफा होता आणि त्या नफ्यावर पिढ्या उभ्या राहिल्या. आज दुरुस्ती, सुटे भाग, भाड्याने देणे, रिकामे डबे परत घेऊन पुन्हा भरून देणे, टिकाऊ मालाची हमी देणे या गोष्टींना पुन्हा गिऱ्हाईक मिळू लागले आहे. सर्वच धंदे या मार्गाने चालणार नाहीत. काहींना नफा कमी मिळेल आणि तो कमी मिळणे हेही परिमाणाचेच एक रूप मानावे लागेल.

येथे आनंद श्रावकाची मूळ कृती पुन्हा पाहण्यासारखी आहे. त्याने बारा कोटींचे सहा केले नाहीत, तेराही होऊ दिले नाहीत. व्यापार चालू ठेवला, वाढ थांबवली. आजच्या अर्थव्यवहारात वाढ थांबणे म्हणजे अपयश समजले जाते. दर वर्षी उलाढाल वाढलीच पाहिजे, असे बँकही म्हणते आणि सोयरेही म्हणतात. परिग्रहाचे मूळ मूर्च्छेत, म्हणजे आसक्तीत आहे, अशी व्याख्या तत्त्वार्थसूत्राने केली, ती वस्तूंच्या संख्येला जशी लागते तशी उलाढालीच्या आकड्यालाही लागते. चौदा वर्षे असे जीवन जगल्यावर आनंद श्रावकाने घराचा भार थोरल्या मुलाकडे सोपवला आणि तो धर्मसाधनेकडे वळला. सोडून देण्याचा सराव त्याच्या हाताला आधीपासून होता.

यादी कशी करावी

यावज्जीव यम सर्वांना पेलणार नाही, पण मुदतीचा नियम कोणत्याही कुटुंबाला घेता येतो. दिवाळीत दुकानाच्या मालाची मोजणी होते, त्याच आठवड्यात घरातील कपडे, पादत्राणे, भांडी, उपकरणे आणि वाहने यांचीही मोजणी करावी. संख्या कागदावर लिहावी आणि पुढील दिवाळीपर्यंत ती वाढणार नाही असा नियम घ्यावा. नवीन एक आले तर जुने एक गरजूकडे जावे. खरेदीच्या वेळी ही वस्तू भोगाची की उपभोगाची, असा प्रश्न घरातील मुलांना विचारावा. मुले उत्तर चटकन देतात. दुकानात विकल्या जाणाऱ्या दहा प्रमुख वस्तूंची साखळी दोन कड्या मागेपर्यंत विचारून घ्यावी आणि वाचलेला पैसा साधर्मिक व जीवदया खात्यात वेगळा लिहावा. संघाच्या पातळीवर एकच ठराव आधी करावा: कोठीतली भांडी बाहेर काढावीत आणि यापुढील पारणी, स्वामीवात्सल्य व साखरपुडे त्या भांड्यांतच व्हावेत. धुणावळीची मजुरी संघाने ठरवावी आणि तिचा पहिल्या वर्षाचा खर्च गावातील सर्वांत मोठ्या पेढीने उचलावा.